वाटीवरचं नाव

रामबागेतल्या आमच्या काकूंचा मुलगा गेल्या चैत्रात गेला. अवघा 48 वर्षांचा. तेराव्यानंतर काही दिवसांनी काकू नेहमीच्या ध्यानवर्गाला गेल्या. डोळे मिटले आणि रडू फुटलं. वर्ग घेणाऱ्या ताई जवळ येऊन म्हणाल्या, "काकू, रडायचं नाही. त्याच्या आत्म्याला त्रास होतो. आनंदाच्या लहरी पाठवा."

काकूंनी ऐकलं. मुलाचं नाव काढणंच सोडलं. कुणी भेटायला आलं की हसून "सगळं छान चाललंय." रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही. वर मनाला खात राहायचं, की आपलीच साधना कमी पडतेय.

मला याचा फार राग येतो. मीही चार वर्षं त्या वर्गाला जात होते, श्वासावर लक्ष ठेवलं की मन निवतं हे मी अनुभवलंय. पण निवणं वेगळं आणि दाबणं वेगळं. गीतेत दुसऱ्या अध्यायाच्या 56व्या श्लोकात स्थितप्रज्ञ दुःखात उद्विग्न होत नाही, एवढंच आपण लक्षात ठेवतो. त्याच ओळीत पुढे आहे, 'सुखेषु विगतस्पृहः', म्हणजे सुखाचीही हाव नसलेला. सदा प्रसन्नच वाटलं पाहिजे, ही हाव स्पृहा नाही तर काय?

इंदूरच्या राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याला आपण हात जोडतो. 1754 मध्ये कुंभेरीला पती गेले, 1767 मध्ये मुलगा. 1791 मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली, तेव्हाचं जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय: मातोश्रींना दोघांनी धरून ठेवावं लागलं, दुःखाच्या भरात त्या स्वतःचे हात चावत होत्या, नंतर तीन दिवस तोंडातून शब्द नाही. त्यांची साधना कमी होती म्हणायची कुणाची छाती आहे?

आपल्याकडे माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतात, गप्प बसून राहतात. हसा म्हणून कुणी सांगत नाही.

परवा काकूंकडे गेले. ओट्यावर स्टीलची वाटी होती, मुंजीतली, त्याचं नाव घातलेली. घासून घासून अक्षरं पुसट झालेली. काकू त्यावरून अंगठा फिरवत होत्या. मी विचारलं, "लहानपणी कसा होता हो?"

दीड तास बोलल्या. रडल्या. याच वाटीतून तो मांजरीला चोरून दूध पाजायचा, ते सांगताना हसल्यासुद्धा. निघताना म्हणाल्या, "गुरुवारी मी वर्गाला नाही जाणार. तूच ये इकडे."