हवा खराब असताना नुसतं 'काळजी घ्या' म्हणून भागत नाही

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोलणं खोकला, घसा आणि डोळ्यांची चुरचुर यांच्या पुढे फारसं जात नाही. मग कोणीतरी सांगतं, मास्क लावा, खिडक्या बंद ठेवा, जरा काळजी घ्या. तिथेच विषय संपतो. मला हे फार खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल जाळून जिथे स्वयंपाक होतो, त्या घरांतला हा धूर. या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू हृदयविकार आणि पक्षाघाताचे आहेत. न्यूमोनिया, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा आजार), फुफ्फुसाचा कर्करोग यांचा वाटा त्याखालोखाल. चुलीपुढे उभं आयुष्य काढलेली बाई हार्ट अटॅकने गेली तर तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर धुराचा उल्लेखही येत नाही. घरचे म्हणतात, वय झालं होतं, बीपी होतं. आणि या ३२ लाखांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं आहेत. आई स्वयंपाक करत असताना ती तिच्या मांडीवर किंवा पाठीशी असतात, तिच्याइतकाच धूर घेतात.

दाखल्यावर प्रदूषणाचं नाव यायला काय करावं लागतं, हे एला किसी-डेब्राच्या आईला विचारावं. लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी ही मुलगी तीव्र दम्याने २०१३ मध्ये गेली, नऊ वर्षांची होती. आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं.

फुफ्फुसात गेलेली घाण हृदयापर्यंत पोचते कशी? पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाचे. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, उतरतात. तिथे दाह सुरू होतो आणि त्यातून सुटणारी रसायनं रक्तात मिसळतात. सर्वात बारीक कण तर स्वतःच रक्तात शिरतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे कल वाढतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. आधीच अरुंद झालेल्या धमनीला एवढं पुरतं. म्हणूनच हवा बिघडलेल्या दिवसांत दम्याच्या रुग्णांबरोबर हार्ट अटॅकचे रुग्णही वाढतात. गरोदर बाईच्या शरीरात हेच घडतं तेव्हा मूल कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

घरात बसलं की सुटलो, असंही नाही. बाहेरचे बारीक कण दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येतातच. शिवाय तळणं-परतणं, सिगारेट, डासांची कॉइल यांची भर आपण घालतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, त्याने दमेकऱ्यांच्या श्वासनलिका चिडतात. कोंडलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं तर जिवावर बेतणारं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला जागही येत नाही.

उपायांबद्दल मनापासून दोन शब्द, कारण इथे लोकांचे पैसे वाया जातात. स्वयंपाकघरात असा एक्झॉस्ट पंखा लागतो जो हवा बाहेर फेकतो. गाळून पुन्हा आतच सोडणारी चिमणी तेलकट वाफ पकडते, नायट्रोजन डायऑक्साइड तसाच राहतो. हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर खोलीच्या मापाचा असेल आणि दारं बंद असतील तर उपयोगी पडतो, पण ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन हा स्वतःच फुफ्फुसांना त्रास देणारा वायू आहे. कुंड्यांतली झाडं जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं. हवा शुद्ध होण्याचं म्हणाल तर २०१९ च्या एका शास्त्रीय आढाव्यानुसार उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. साधा कापडी मास्क या कणांपुढे दुबळा आहे, नीट बसणारा एन९५ त्यातल्या त्यात बरा.

पण हे सगळं करणार कोण? चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, दिवसभर रस्त्यावर माल विकणारी बाई, बांधकामावरचा मजूर, हायवेलगतच्या शाळेतलं मूल? यांना 'काळजी घ्या' म्हणणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. श्वास घेणं पुढे ढकलता येत नाही.

आणि धूर जिथे निघतो तिथेच थांबवला की शरीर किती लवकर साथ देतं, हे जगाने पाहिलेलं आहे. अमेरिकेत युटा व्हॅलीतला एक पोलाद कारखाना कामगार-वादामुळे १९८६ च्या ऑगस्टपासून वर्षभराहून अधिक काळ बंद होता. आर्डेन पोप या अर्थतज्ज्ञाने दवाखान्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत ब्रॉंकायटिस आणि दम्याने दाखल होणारी मुलं बंद काळातल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. त्यासाठी घरोघरी प्युरिफायर घ्यावे लागले नव्हते. दक्षिण कॅलिफोर्नियात वाहनं-इंधनाचे नियम कडक झाले, हवा सुधारत गेली, आणि १५ व्या वर्षी फुफ्फुसांची क्षमता फारच कमी असलेल्या मुलांचं प्रमाण १९९० च्या दशकातल्या जवळपास ८ टक्क्यांवरून २०११ पर्यंत साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. ही आकडेवारी वाचून मला खरंच भरून आलं. लहानपणी खुंटलेलं फुफ्फुस पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही, त्यामुळे मुलांच्या बाबतीत वाट बघणं परवडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, कारण कमी पातळीवरही अपाय दिसत होता. जगातले ९९ टक्के लोक या शिफारशींहून वाईट हवा घेतात. तेव्हा आपल्या भागातली वार्षिक सरासरी किती आहे ते आधी शोधा, आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा: हा आकडा खाली आणायला रस्त्यावरच्या वाहनांचं, कारखान्यांचं, कचरा जाळण्याचं तुम्ही नेमकं काय करणार, आणि ज्या घरांत अजून चूल पेटते त्यांना परवडणारं स्वच्छ इंधन कधी देणार?