दोन टक्के वाजतगाजत, बाकीचे गुपचूप

कंपनी मोठी झाली, अभिनंदन! वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटींवर गेला, म्हणजे आता तुम्ही कायद्यानेच दानशूर. 2013च्या कंपनी कायद्याचं 135वं कलम सांगतं, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करा. तुमचं मन किती मोठं आहे, ते सीए काढून देईल.

हे दोन टक्के वाजतगाजत द्यावेत. कारखान्याजवळचंच गाव धरा. ज्या नदीत आपलं सांडपाणी जातं तिच्या काठचं असेल तर उत्तम, पिण्याच्या पाण्याची नड तिथेच जास्त. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन बसवा. मशीन लहान चालेल, फलक भिंतभर हवा. फीत कापताना पोरांच्या पाठीवर नवी दप्तरं, दप्तरांवर लोगो, आणि पोरं कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी. फिल्टर पुढे कोण बदलणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलंच तर त्यांना आणखी एक पुष्पगुच्छ द्या. मग अहवाल: किती दिले, कुठे दिले, कोणामार्फत दिले, सगळं जाहीर.

एक खबरदारी घ्या. राजकीय पक्षाला दिलेली देणगी या दोन टक्क्यांत धरत नाहीत. ते खातं वेगळं, आणि तुमचा खरा जीव त्यातच असणार.

त्या खात्याचा सुवर्णकाळ मात्र तुमचा हुकला. पूर्वी सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर पक्षांना देता येत नसे, आणि कोणाला दिले तेही हिशेबात लिहावं लागे. ही साडेसाती 2017च्या वित्त कायद्याने सुटली. मर्यादा गेली, पक्षाचं नाव लिहिणं गेलं. तोट्यातल्या कंपनीलाही देता येऊ लागलं! शाळेला पाणी पाजायला नफा लागतो, पक्षाला पाजायला लागत नाही. 2018पासून स्टेट बँकेत निवडणूक रोखे मिळू लागले, विकत घेऊन पक्षाला द्यायचे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे. त्यांवर देणाऱ्याचं नाव नाही. होता तो एक क्रमांक, तोही अतिनील प्रकाशात धरला तरच दिसणारा. देवळातल्या गुप्तदानाच्या पेटीसारखंच सगळं, फक्त तिथला देव टेंडर काढत नाही.

15 फेब्रुवारी 2024ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर सोळा हजार कोटींहून जास्त रोखे विकले गेले होते. रोखे घेणाऱ्यांच्या याद्या बाहेर आल्या, तेव्हा सगळ्यांत मोठी दात्री निघाली एक लॉटरीवाली कंपनी. काही दात्यांच्या दारी तपास यंत्रणाही येऊन गेल्या होत्या, पण पाहुणे येऊन गेल्यावर माणसाला दानाची इच्छा होऊ नये असं थोडंच आहे? साडेसाती मात्र पुन्हा लागली.

हातपाय गाळू नका. इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. अनेक कंपन्यांनी एका हौदात पैसे ओतायचे, ट्रस्टने ते पक्षांना वाटायचे. ओतणाऱ्यांची यादी जाहीर, भरून नेणाऱ्यांचीही जाहीर; कोणाची बादली कोणाकडे गेली ते हौदालाच ठाऊक. निवडणूक अटीतटीची दिसली तर दोन्हीकडे पोचेल असं बघा, याला लोकशाहीवरची निष्ठा म्हणतात. आणि कंत्राट मिळालं त्याच आठवड्यात चेक फाडू नका. दोन तारखा शेजारीशेजारी मांडून बघणारे रिकामटेकडे हल्ली फार झालेत.