नवशिक्याच्या माथी भंगार मारणं बंद करा

चार महिने मला वाटत होतं, आपलेच हात जड आहेत. गळावर दोऱ्याचे दहा वेढे होतात न होतात तोच टक्क! पुन्हा ओवा, पुन्हा गुंडाळा, पुन्हा टक्क.

पेन्सिल्व्हेनियात राहतो, ट्राउट मासा पकडायला गळावर पिसं-दोऱ्याची नकली माशी स्वतःच्या हाताने बांधायची, एवढाच हट्ट. त्यासाठी हत्यारांचा तयार डबा विकत आणला. माशी तीही वूली बगर नावाची, १९६७ साली इथल्याच रसेल ब्लेसिंग यांनी बांधलेली. शेपटीला मराबू म्हणजे मऊ, फुललेलं पीस, अंगावर शेनिल म्हणजे लवदार दोरी, वरून कोंबड्याच्या पिसाचे वेढे. शिकायला हीच सर्वांत सोपी म्हणतात.

एका रात्री संतापून बॉबिनच्या, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरून नळीतून दोरा सोडणाऱ्या हत्याराच्या, नळीच्या तोंडावर कापूस फिरवला. तंतू अडकले. भिंगातून पाहिलं तर कडेला चक्क धार! केसाइतका बारीक दोरा रोज त्या धारेवर कापला जात होता. शिवताना दोरा सारखा तुटला की माझी आई आधी सुई बदलायची. इथे मात्र डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘नवशिक्यांसाठी’ छापलेलं, मग शंका घ्यायची कुणावर? स्वतःवरच!

या डब्याला पंचेचाळीस डॉलर मोजलेत मी. व्हाइसचा, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या शिकंजाचा, जबडा इतक्या मऊ धातूचा की चौदा नंबरचा गळ धरून धरून त्यालाच खाच पडली, आणि आता दोरा जरा ताणला की गळ खाली झुकतो. कात्री पीस कापत नाही, चावते. पीस गुंडाळायचा चिमटा ऐन शेवटच्या वेढ्याला ते सोडतो आणि सगळे वेढे भसाभस उलगडतात. डब्यात हत्यारं मात्र आठ! अरे, शेवटची गाठ बोटांनी मारता येते, अर्धी गाठ रिकाम्या पेनच्या नळीने घालता येते. तीनच द्या, पण धड द्या ना!

दुकानात तक्रार केली तर म्हणे, सुरुवातीला हे चालतं. नाही चालत! मुरलेला माणूस वाईट हत्यारही सांभाळून घेतो. ज्याला हत्यार वाईट आहे हेच कळत नाही, त्याच्याच हातात तुम्ही ते देता. आणि जाणकारांना विचारावं तर ते थेट दोनशे डॉलरच्या फिरत्या व्हाइसवर बोट ठेवतात. कशाला? गळ घट्ट धरणारा साधा व्हाइस पुरतो. पैसे घालायचे ते बॉबिनमध्ये आणि कात्रीत, हे एकानेही आधी सांगितलं नाही.

शेवटी वीसेक डॉलरचा सिरॅमिक नळीचा बॉबिन आणला. तोच दोरा, तेच हात. त्या रात्री दोरा एकदाही तुटला नाही.

पण तोवर एप्रिलचा पहिला शनिवार होऊन गेला होता. ट्राउटचा हंगाम त्या दिवशी उघडतो. अख्खा हिवाळा टेबलाशी बसून काढला, आणि पहाटे नदीवर गेलो तेव्हा पेटीतली एकूण एक माशी विकतची होती.