बदला की मोबदला?

एक मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ज्यूंचा धर्मग्रंथ म्हणजे बायबलचा ‘जुना करार’च. हिब्रू-इंग्रजी आवृत्तीतलं हिब्रू नुसतं शोभेचं, खालचं भाष्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, पदरचं. ते गाळून वाचा, ‘डोळ्याबद्दल डोळा’ हा सुडाचा कायदा उघड दिसेल. आणि असली दुभाषी पुस्तकं म्हणे इंग्रजी वाचकांसाठी काढलेली अलीकडची टूम.

पहिली गोष्ट अर्धी खरी. प्रॉटेस्टंट जुन्या करारातली ३९ पुस्तकं आणि तनाखमधली, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली, २४ ही एकच; मोजणी वेगळी, बारा लहान संदेष्टे मिळून तिथे एकच पुस्तक होतं. पण क्रमही वेगळा आहे. जुना करार ‘मलाखी’ या पुस्तकापाशी, एलीया संदेष्टा येणार या वचनावर थांबतो आणि पुढे नवा करार सुरू होतो. तनाख संपतो ‘इतिहास’ या पुस्तकावर, जिथे इराणचा कोरेश राजा ज्यूंना यरुशलेमेला जायची मोकळीक देतो. शेवट बदलला की गोष्ट बदलते.

हिब्रू शोभेचं, हे सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, न बसलेल्याचं बोलणं. शनिवारी सकाळी तोरा, म्हणजे तनाखची पहिली पाच पुस्तकं, वाचतात ती गुंडाळीतून. तिच्यात स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. त्या छापील पुस्तकात असतात. बाकांवरची माणसं त्यावर बोट ठेवून ऐकतात आणि वाचणारा चुकला की टोकतात.

आता डोळा. तोरातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात (२१:२४) हिब्रू शब्द आहे ‘तहत’, म्हणजे ‘च्या जागी’. मराठी बायबलने ‘बद्दल’ लिहिलं, आणि गंमत बघा, त्या शब्दाच्या घरात बदलाही आहे नि मोबदलाही. तालमुद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा जुना संग्रह, म्हणतो मोबदला: डोळ्याची किंमत पैशात भरून द्यायची. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावच्या राशी नावाच्या भाष्यकारानेही हेच लिहिलं. ही पदरची भर म्हणावी, तर त्याच अध्यायात दोन ओळी खाली पाहा. मालकाने दासाचा डोळा फोडला, तर मालकाचा डोळा फोडत नाहीत. दासाला मोकळं सोडतात. त्याआधी, मारामारीत जायबंदी झालेल्याचा बुडालेला रोज आणि औषधपाणी मारणाऱ्याने द्यायचं, असंही आहे. शांकरभाष्य बाजूला ठेवून ब्रह्मसूत्रं वाचणाऱ्याची जी गत होते, तीच भाष्य गाळून तोरा वाचणाऱ्याची.

राहिली टूम. हिब्रूशेजारी अरामी भाषांतर आणि राशीचं भाष्य असलेली पानं व्हेनिसमध्ये सोळाव्या शतकातच छापली जात होती. आणि इंग्रजीच कशाला? वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा हग्गादा हिब्रू आणि मराठीत, शिळाछापावर, मुंबईत निघाला तो १८४६ साली. वाचणारे होते कोकणातून आलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू.