काकूंचा व्हिडिओ नव्हता

सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही मोबाईलवर बघितलं असेल. आम्ही बांधावर उभं राहून बघितलं. दोन एकरांतलं सोयाबीन तर गेलंच, पण मातीही खरडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. पंचनाम्याला कोणी येईना, म्हणून ऑनलाइन तक्रार टाकली. नवव्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. शेताकडं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

मग पुतण्यानं व्हिडिओ काढला. आई त्यात एक शब्द बोलली नाही. नुसती वाकून मुरमातले दगड बाजूला करत होती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला आणि सकाळी साडेआठला जीप दारात. साहेबांचा पहिला प्रश्न, "व्हिडिओ कुणी टाकला?" पंचनामा केला आणि जाताना म्हणाले, "तेवढा डिलीट करा, वरून फोन यायलेत."

त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही वरून दट्ट्या असतो. राग आहे तो या रीतीचा. तक्रार आली की ती बंद कशी होईल ते बघायचं, बोभाटा झाला की तो बंद कसा होईल ते बघायचं. यात शेत कुठंच नाही.

केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या तक्रार पोर्टलवर तक्रार निकाली काढायची मुदत ३० दिवसांवरून २१ वर आणली. चांगलं केलं. पण नुसते दिवसच मोजले, तर काम न करता तक्रार बंद करणं सगळ्यात सोपं. 'काम झालं' असं तक्रारदारानं सांगितल्याशिवाय कुठलीच तक्रार बंद होता कामा नये.

आणि डिलीट कशापायी करायचं? २०२१ च्या एप्रिलात लोक ऑक्सिजनसाठी, बेडसाठी पोस्ट टाकत होते. आपल्याकडंही लातूर, अंबाजोगाईचे मेसेज रात्र-रात्र फिरायचे. तेव्हा ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठानं बजावलं होतं, की मदत मागणाऱ्यांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू. आम्ही व्हिडिओ डिलीट केला नाही, करणारही नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्या रानाला लागून खालच्या अंगाला चुलत काकूंचं रान आहे. नुकसान तेवढंच. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन. जीप आमच्या बांधावरूनच मागं वळली, तेव्हा काकू वाटेवर उभ्या होत्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन.