‘ताई, हौस वेगळी आणि कागद वेगळे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

जीपला बसवलेली विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची विजेची चरखी) आणि असे इतर बदल विमा कंपनीला लेखी कळवा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती अशी:

“ताई, हौस वेगळी आणि कागद वेगळे. विमा कंपनीने विंचचे पैसे घेतले म्हणजे विंच कायदेशीर झाली असं नसतं. सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आधी वाचा, मग लोकांना शहाणपण शिकवा. दंडसुद्धा चुकीचा लिहिलाय. एवढंच असेल तर पीथमपूरच्या ट्रॅकवरून सर्टिफिकेट आणा, नाहीतर जीप व्हिंटेजमध्ये घाला.”

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण ती पहिली ओळ काही केल्या गळ्याखाली उतरेना. भाजी निवडून झाली, दूध तापवून झालं, तरी ‘हौस’ आपली डोक्यात खडखडतेच आहे, सायलेन्सरचा ढिला पट्टा खडखडावा तशी. म्हणून आता सविस्तर.

दंडाचं आधी उरकते. ते तुमचं बरोबर आहे. मी ‘पाच हजार दंड’ एवढंच लिहिलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये आहेत, आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे तीन बदल असले तर पंधरा हजार. चूक माझी. धन्यवाद. या धन्यवादात खोच नाही, उगाच शोधू नका.

आता ‘ताई’. ताई म्हणायला माझी ना नाही. इथे इंदूरच्या रामचंद्रनगरात निम्मी गल्ली मला ताईच म्हणते, कोपऱ्यावरचा पोहेवालासुद्धा. पण त्याची ‘ताई’ पुढे पोह्यांची बशी सरकवते आणि तुमची ‘ताई’ नंतरच्या स्वल्पविरामापाशी थांबून खाकरते. हाच लेख एखाद्या काकांनी लिहिला असता तर तुम्ही “काका, हौस वेगळी” असं लिहिलं असतं? मला नाही वाटत. काकांना तुम्ही आधी टायर कुठल्या मापाचे टाकलेत ते विचारलं असतं.

आणि हौस म्हणाल तर ऐका. ही जीप, महिंद्रा एमएम ५४०, बाबांनी १९९१ मध्ये घेतली ती डोंगर चढायला नाही. मंडलेश्वरच्या बाजूला पाण्याच्या पाइपांची छोटी छोटी कंत्राटं घ्यायचे ते. महूवरून जाम घाट उतरायचा, आठवड्यातून तीनदा. घाटाच्या तोंडावर अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आहे, १७९१ चा. बाबा तिथे थांबून रेडिएटरला पाणी पाजायचे आणि म्हणायचे, दरवाजा आणि जीप यांच्यात बरोबर दोनशे वर्षांचं अंतर आहे, बघू आधी कोण पडतं ते. दोघंही अजून उभे आहेत.

त्या जीपचा एक काळा रेक्झिनचा फोल्डर आहे. टाचण्यांना गंज चढून कागदावर तपकिरी ठिपके पडलेत. त्यात १९९१ ची मूळ पावती आहे, पंधरा वर्षांनी २००६ मध्ये झालेलं नोंदणीचं पहिलं नूतनीकरण आहे, नंतर दर पाच वर्षांनी २०११, २०१६ आणि २०२१ चं. शेवटचं ६०० रुपयांत झालं, पुढच्याच वर्षी ती फी ५,००० झाली, तेवढं नशीब. २००४ मध्ये बाबांनी जुनं प्यूजो इंजिन काढून महिंद्राचंच डीआय बसवलं, त्या इंजिनाचं बिल आहे, आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नवा इंजिन नंबर चढल्याचा शिक्का आहे. आजच्या नियमांत ते काम कसं बसलं असतं हे बाबांना विचारायला मात्र तुम्ही उशीर केलात.

हे सगळं सांगायचं कारण, कागद म्हणजे काय ते मला या फोल्डरने शिकवलं. रील बघून नाही शिकले मी.

त्यातला एक कागद २०१७ चा आहे आणि मूळ लेख खरं तर त्याच्यापासूनच सुरू होतो. पावसाळ्यात सिमरोलच्या घाटात एक ट्रक मागे घसरला आणि माझ्या जीपच्या नाकावर बसला. बंपर, विंच, ग्रिल, डावा मडगार्ड, सगळं एका दणक्यात. सव्वीस वर्षांच्या गाडीला संपूर्ण विमा मिळवण्यासाठी मी तीन कार्यालयं झिजवली होती (बहुतेक ठिकाणी अशा गाडीला ‘फक्त थर्ड पार्टी’, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच विमा, म्हणून वाटेला लावतात), तेव्हा मनात म्हटलं, चला, चीज झालं.

विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले. मध्यमवयीन, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फडकं, रॉकेलची छोटी बाटली आणि पेन्सिल. नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ गुडघ्यावर बसले, चॅसिसवरचा चिखल आणि ग्रीस फडक्याने पुसलं, नंबरावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागले. एकेक आकडा कागदावर काळ्यातून पांढरा वर येत गेला. तो कागद त्यांनी आरसीशेजारी ठेवला. मग इंजिन नंबर. तोही जुळला. मी छाती फुगवून उभी. मग त्यांनी पॉलिसी उलगडली, विंचकडे बघितलं, पुन्हा पॉलिसीकडे बघितलं आणि विचारलं, “यह इसमें कहाँ है?”

कुठेच नव्हती. मी कळवलंच नव्हतं. मला वाटलं होतं, गाडीला लावली म्हणजे गाडीतच आली.

कंपनीने ग्रिल-मडगार्डचे पैसे दिले, तेही निम्मे, कारण दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याला पन्नास टक्के घसारा लागतो. तो नियमच आहे, तक्रार नाही. विंच आणि बंपर यांच्यासाठी शून्य. पत्रात एक ओळ: पॉलिसीत नोंद नाही. त्यानंतर नवी विंच घेतली तेव्हा बसवायच्या आधी लेखी कळवलं. चाळीस हजारांची वस्तू, कंपनीबाहेर बसवलेल्या विजेच्या उपकरणांना विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे दरपत्रकाप्रमाणे, किमतीच्या चार टक्के जादा हप्ता, म्हणजे वर्षाला १,६००. तो आकडा पॉलिसीच्या कागदावर छापून आला तेव्हा मी तो तुमच्यासारख्यांना दाखवायला म्हणून नाही, स्वतःला दाखवायला म्हणून दोनदा वाचला.

याला तुम्ही हौस म्हणता.

आता तुमचं दुसरं वाक्य. कंपनीने पैसे घेतले म्हणजे बदल कायदेशीर होत नाही. अहो, मी असं लिहिलंच कुठे? मी लिहिलं होतं, “कंपनीला लेखी कळवलं की निम्मी लढाई जिंकली.” निम्मी म्हणजे निम्मी. उरलेली निम्मी आरटीओत लढायची असते, हे शहाण्याला कळायला हवं होतं. कदाचित मी ते स्पष्ट लिहायला हवं होतं. पण प्रत्येक वाक्याखाली तळटीप द्यायची तर लेखाची पंचांग-पुस्तिका होते.

शिवाय कळवण्याचं महत्त्व तुम्ही समजता त्याहून मोठं आहे. तिसऱ्या माणसाला धक्का लागला, तो जखमी झाला, तर कंपनीला हात झटकायला कायद्याने फार थोडी कारणं ठेवली आहेत. आताच्या कलम १५० मध्ये ती मोजून दिली आहेत: चालकाकडे लायसन्स नसणं, शर्यतीत गाडी वापरणं, अशी. त्यातच एक आहे, महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेतली म्हणून ती पॉलिसीच रद्दबातल मानणं. न सांगणं हेच कारण होऊ शकतं! कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश कोर्टं देतात. म्हणजे जखमी माणसाला पैसे मिळतात आणि वसुलीची नोटीस तुमच्या दारात येते. ज्या जीपधारकाने छत कापलं, स्प्रिंगा उचलल्या आणि प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, ‘बदल: नाही’ अशी खूण केली, त्याने स्वतःच्या हाताने कंपनीला काठी दिली. माझा सगळा लेख या एका खुणेबद्दल होता. तुम्हाला तेवढीच दिसली नाही.

तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी एकाने लिहिलंय, “आमची तर फक्त शेतात चालते, आम्हाला काय.” त्यांना थोडक्यात: विम्याच्या कलमात ‘सार्वजनिक जागा’ असे शब्द आहेत, पण नोंदणीच्या कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक जागा किंवा इतर कोणतीही जागा’ असे आहेत. शेताच्या बांधाने आरसी माफ होत नाही.

२०१९ चा निकाल. तो मी वाचलाय, भाऊसाहेब. ९ जानेवारी २०१९, केरळचं प्रकरण. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, हे त्यात ठासून सांगितलंय. तुम्ही तिथवर वाचलंत आणि पुस्तक मिटलंत. त्याच निकालात पुढे असंही आहे की बाकीचा तपशील नियमांप्रमाणे बदलता येतो आणि आरसीवर नोंदवता येतो. आणि कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. चार बोल्टवर बसणारी आणि चार बोल्ट काढले की उतरणारी विंच गाडीची रचना बदलते का? मला वाटतं नाही. तुम्हाला वाटतं हो. दोघांपैकी कोणीच न्यायाधीश नाही.

तिच्यामागचा लोखंडी बंपर ही वेगळी गोष्ट, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बारवर (गाडीच्या नाकावर लावायच्या लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर) कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं होतं. माझा बार मी तेव्हाच उतरवला. बंपर अजून आहे. तो विषय इथे नको.

पीथमपूरचा ट्रॅक, म्हणजे इंदूरजवळचं गाड्यांच्या चाचणीचं केंद्र. साहेब, तिथला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. एका बाईने एक जुनी जीप घेऊन दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, “भिया, जरा पास करून द्या”? चहा पाजतील फार तर.

व्हिंटेज, म्हणजे फार जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी: ५० वर्षं पूर्ण लागतात. माझी १९९१ ची आहे. २०४१ मध्ये बघू. आणि तिथे गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे बाबांचं इंजिनच आधी आडवं येईल. सल्ला देण्यापूर्वी नियम वाचावा, असं कोणीतरी नुकतंच कुठेतरी म्हणत होतं.

खरं सांगायचं तर माझ्या लेखात एक भोक आहे, आणि तुमच्या लक्षात ते आलंच नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: भाड्याने देणं, आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, गाडीच्या टिकाऊपणाच्या स्पर्धा, हे सगळं वगळलेलं. चोरलच्या ओढ्यात मित्रांबरोबर जीप उतरवणं एक आणि दोरी बांधून, नंबर चिकटवून, घड्याळ लावून उतरवणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारात पॉलिसी झोपलेली असते. तिला जागं ठेवायचं तर स्पर्धेपुरती वेगळी नोंद आधी करून घ्यावी लागते. आणि पाण्यात इंजिन चालू ठेवून पाणी आत ओढलं गेलं, तर तो ‘अपघात’ नसून नंतरचं नुकसान, म्हणून इंजिनाचं वेगळं कवच नसेल तर कंपनी पैसे देत नाही. हे मी लिहायला हवं होतं. तुम्ही हे विचारलं असतं तर मी तुम्हाला घरी पोह्यांना बोलावलं असतं, शेव-जिरावन घालून.

पण तुम्ही ‘हौस’ म्हणालात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. दंडाचं वाक्य आज सकाळी दुरुस्त केलं आहे. ‘निम्मी लढाई’ होती तशीच ठेवली आहे.