खुलासा : एनएच्या मीटिंगबद्दल

एनए म्हणजे नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, नशा सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. ‘नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला आधार कार्ड लागतं, फी असते, आधी नशा सुटलेली हवी’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. अट एकच : नशा थांबवायची इच्छा. पहिलं नाव सांगितलं तरी पुरे. वर्गणीची पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. त्या दिवशी नशा केली असेल तरी या. फक्त ऐका, बोलणं मध्यंतरात किंवा नंतर. नशेचा माल मात्र सोबत नको. घरच्यांना न्यायचं तर ‘ओपन’ मीटिंग आहे ना, हे आधी विचारा. ‘क्लोज्ड’मध्ये त्यांना बसता येत नाही.

तिथे डॉक्टर नसतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरकडे जा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६.